एकाच नावावर

ऋणाचे ओझे कोणाच्या तरी पाठीवर ठेवावेच लागते. पण ज्याच्या पाठीवर ते ठेवले जाते त्याच्यावर घराचा विश्वास असतो, अशी धाकट्याची श्रद्धा होती. म्हणूनच पतसंस्थेच्या बाकावर दादा आणि वहिनी यांच्या मध्ये बसून, खोकला आवरीत, तो व्यवस्थापकांचा शब्द न् शब्द मनात साठवत होता.

देणी चार ठिकाणची होती: किराणा दुकानदार, फायनान्स कंपनी, मुकादमाकडून दादाने घेतलेली उचल आणि वहिनीचा बचत गट. दादा आगारात बसगाड्या धुवीत असे. वहिनी गाद्यांच्या कारखान्यात शिवण घालीत असे. दोघांची मिळकत महिन्याच्या मध्यावरच आटे, आणि मग एकाचे घेऊन दुसऱ्याचे तोंड बंद करावे लागे. आता पतसंस्था चौघांचीही देणी चुकती करणार होती. पुढे घराने द्यायचा तो एकच हप्ता, तोही तिलाच.

"चौघांच्या शिव्या खाण्यापेक्षा एकाच्या खाव्यात," वहिनी म्हणाली. "निदान पाठ तरी होतील."

व्यवस्थापक हसले आणि नियम सांगू लागले. पंचावन्नच्या पुढे कर्ज नाही, म्हणून दादा बाद. वहिनींना पगाराची पावती नाही, म्हणून त्याही बाद. धाकटे मात्र जुने सभासद, पगाराच्या पावत्याही जवळ. मुदत पाच वर्षांची. पहिले सहा महिने हप्ता नाही. पुढे उशीर झाल्यास दंड. कर्जदार दगावल्यास बाकी विम्यातून फिटेल, घरच्यांना तोशीस नाही. पत्ता बदलल्यास कळवावे.

"प्रकृती कशी आहे यांची?"

"लोखंड आहे," दादा म्हणाला. "जरा गंज चढलाय, एवढंच."

धाकट्यालाही हसू आले. आयुष्यात प्रथमच कोणी त्याच्यासाठी असा शब्द टाकत होते. पंख्यांच्या मोटारींना तारा गुंडाळण्यात त्याची वीस वर्षे गेली. लग्न झाले नाही, नाव झाले नाही. भावाच्या घरात तो एखाद्या जुन्या स्टुलासारखा होता. कोणी टाकून दिले नाही, कोणी बसलेही नाही. दोन महिन्यांपूर्वी छाती भरून आली आणि काम सुटले. तेव्हा डॉक्टरांनी दादाला बाहेर बोलावून घेतले होते. दादा परत आला तेव्हा त्याचे डोळे लाल होते. "कफ साचलाय," एवढेच तो म्हणाला, आणि रिक्षात बसताना त्याने धाकट्याचा हात धरला.

सही करण्यापूर्वी त्याने कागदावरचा आकडा पुन्हा वाचला.

"दादा, रक्कम दुप्पट दिसते."

"भिजलोच आहोत तर अंघोळ उरकून घेऊ. फ्रिज घेऊ, होस्टेलवरच्या पोराच्या कोर्सची फी भरू."

"झेपेल का रे?"

"तू कशाला डोकं शिणवतोस? सहा महिन्यांत सगळं मार्गी लागेल."

घरी आल्यावर वहिनीने खिडकीजवळची खाट त्याला दिली. सायंकाळी ती दुधाचा पेला आणून देई. गोळ्या मात्र महिन्याभरात बंद झाल्या. "त्या डॉक्टरला काय कळतंय, भाऊजी? नुसती पैशांची माती. तुम्ही आपले शांत पडून राहा." एवढी माया त्याला कधी लाभली नव्हती. पेला रिकामा करताना त्याचे डोळे भरून येत.

मायेचे ऋण हप्त्याहूनही मोठे, असे त्याला वाटे. पहिल्या हप्त्यापूर्वी आपण पायांवर उभे राहिलो नाही, तर या दोघांनी टाकलेला विश्वास धुळीला मिळेल, या विचाराने त्याची झोप उडाली. एके दिवशी फिरायला जातो असे सांगून तो भिंतींचा आधार घेत जुन्या कारखान्यात गेला.

"असा खोकत मशीनवर बसलास तर तारेआधी तूच तुटशील," शेठ म्हणाले. "मोठ्या इस्पितळात जा. तिथे औषध फुकट मिळतं. डॉक्टरांची चिठ्ठी आण, जागा तुझीच आहे."

तो गेला. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी पुन्हा सगळ्या तपासण्या करवून घेतल्या, मान हलवली आणि नव्या गोळ्या सुरू केल्या. त्याने घरी अवाक्षर काढले नाही. आनंद द्यायचा तर तो अचानक द्यावा, असे त्याला वाटले. गोळ्या त्याने उशीच्या अभ्र्यात ठेवल्या. खोकला ओसरला, अंगावर मांस चढले. "गालांवर सूज दिसतेय," वहिनी एकदा दादाला म्हणाली, आणि दादाने सुस्कारा टाकला.

सहावा महिना सरता सरता डॉक्टरीणबाईंनी चिठ्ठी दिली. धाकटा जवळजवळ धावतच घरी आला. दादा-वहिनी जेवायला बसली होती. नवा फ्रिज मंद गुणगुणत होता.

"दादा, छाती स्वच्छ झाली. आधीच्या डॉक्टरांचं निदानच चुकलं होतं म्हणे. साधा जंतूंचा आजार होता. उद्यापासून कामावर. पहिला हप्ता मीच भरणार."

दादाचा घास ताटातच राहिला. वहिनीने उठून फ्रिजचे दार उघडले आणि काहीही न काढता लावून टाकले. आनंदाने दोघांना शब्द फुटत नसावेत, असे धाकट्याला वाटले.

"चुकलं म्हणजे?" अखेर दादा म्हणाला. भाव ठरवून घेतलेला माल हलका निघावा, तसा त्याचा स्वर होता. "मला तर त्यांनी चार महिने सांगितले होते."

"आणि हप्ते पाच वर्षं," वहिनी दाराकडेच पाहत म्हणाली. "म्हणून सांगत होते, एवढी मोठी रक्कम उचलू नका."

धाकट्याने चिठ्ठीची घडी घालून ती खिशात ठेवली. मग त्याने आपले ताट वाढून घेतले, दोघांच्या समोर बसला आणि पहिला घास हातात धरून शांतपणे म्हणाला, "देव तुम्हालाही उदंड आयुष्य देवो."