कोनाचा हायेस तू?

जानेफळच्या बाजाराच्या वाटेवर, भर उन्हात, भगवंत धुळीत पडून 'पाणी, पाणी' म्हणत होता. आजारी तो मुळीच नव्हता. वामनराव सरांनी त्याला तसं पडायला सांगितलं होतं. सर आणि वर्गातली चार मुलं जवळच्या चिंचेमागे बसून बघत होती, की अनोळखी माणसाच्या हाकेला कोण धावून येतं. 'नव्या राज्यातला माणूस' असा सरांच्या अभ्यासाचा विषय होता. अमरावतीहून एवढ्या लांब जीप घेऊन यायचं, तर विषयही तसा भारदस्त हवाच.

नियम साधा होता. भगवंतानं 'पाणी' याखेरीज काही बोलायचं नाही. जो पाणी पाजेल त्याला माणुसकी आहे, बाकीच्यांना नाही.

एक बैलगाडी आली. गाडीवानानं चाक अंगावरून जाऊ नये म्हणून बैल बाजूला दाबले, एवढी दया केली आणि पुढे गेला. मागून दोघे छत्रीवाले आले. "दारू पेला असंन बे," एक म्हणाला, आणि दुसऱ्याला ते पटलं. वांग्याची टोपली घेतलेली एक बाई थांबली, वाकून पाहिलं, "पोलिसाचं लचांड कोन लावून घेईन मांगं," म्हणाली आणि झपाझप निघून गेली. चिंचेमागची मुलं खूश होती. भगवंताला मात्र एव्हाना खरीच तहान लागली होती.

मग गोजरबाई नावाची एक म्हातारी आली. डोक्यावर पाण्याची घागर, शेतात राबणाऱ्या आपल्या माणसांसाठी नेत होती. भगवंताला पाहताच तिनं घागर खाली ठेवली आणि धावली. अगदी जवळ आली आणि एकदम थबकली. हात आखडून घेतला आणि थोडी लांब बसली.

"कोनाचा हायेस रे बाप्पा?" तिनं हळूच विचारलं.

"पाणी."

"पानी हाये माह्यापाशी. पन मी गावाबाहेरच्या वस्तीतली. माह्या हातचं तुले चालते का नाही, ते सांग आंधी."

"पाणी."

"मांगच्या साली माह्या दिरानं असंच एकाले पाजलं. मानूस वाचला, पन त्याच्या घरच्यायनं माह्या दिराचा हात मोडला. बाटवलं म्हने." तिचा आवाज आणखी खाली गेला. "बोलू नोको. नुसती मान हालव. आमच्यातला हायेस का?"

भगवंत त्यांच्यातलाच होता. वरवट बकालच्या अशाच एका वस्तीत तो वाढला होता. पण कॉलेजात तो नुसता वरवटकर होता. ऑफिसातल्या कारकुनाखेरीज कोणाला काही ठाऊक नव्हतं. गावावरून पाडलेलं ते आडनाव सांगूनच त्याला अमरावतीत खोली मिळाली होती, आणि घरमालकीण अन्नपूर्णाबाई त्याला आपल्या माठातलं पाणी देत होत्या. चिंच जवळ होती. तिथून बोलणं ऐकू गेलं नसतं, पण हललेली मान नक्की दिसली असती, आणि तिनं काय विचारलं होतं ते सरांनी मागून तिच्याकडून काढून घेतलंच असतं.

त्यानं डोळे मिटून घेतले. "पाणी," तो म्हणाला.

गोजरबाई उठली. त्याच्या तोंडावर ऊन येत होतं, तिकडून आडवी उभी राहिली आणि येणाऱ्याजाणाऱ्याला हाका मारू लागली. "अहो दादा, पोरगं मरून राह्यलं. कोनी पानी पाजा हो याले. माह्या घागरीतलं नोका घेऊ, तुमच्या घरचं आना." कोणी थांबेना. तिला रडू फुटलं. तिच्या सावलीत पडल्या पडल्या भगवंताला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

शेवटी सरच उठून आले. "ऊठ रे वरवटकर, झालं आपलं काम."

भगवंत उठून कपडे झटकू लागला. गोजरबाई तोंडाचा आ करून बघत राहिली. सरांनी भरलेल्या घागरीकडे पाहिलं.

"आजी, एवढं पाणी जवळ असून मरत्या माणसाला घोटभर दिलं नाहीत?"

"सर, ओरडली मात्र खूप," एक मुलगा म्हणाला.

"ओरडणं वेगळं, पाजणं वेगळं."

गोजरबाईनं सरांकडे पाहिलंही नाही. तिचं सगळं लक्ष भगवंताकडे होतं. "बरा हायेस ना बाप्पा?"

आता त्याची मान हलली.

"मले वाटलं, गेलाच हा." तिनं पदरानं डोळे पुसले. फसवल्याचा राग तिच्या मनातही आला नाही. "वरवटकर म्हनजे वरवट बकालचा काय? माह्या बहिनीची पोरगी तानू तिथंच देल्ली हाये." बोलता बोलता ती त्याचा चेहरा न्याहाळू लागली, आणि तिच्या डोळ्यांत काहीतरी उजळलं. "कोनाचा हायेस तू? आमच्यातला तं नाहीस?"

चारही मुलं भगवंताकडे बघू लागली. सर हसले. "अहो आजी, काहीतरीच काय विचारता," असं म्हणून त्यांनी थर्मासचं झाकण भरून पाणी त्याच्यापुढे धरलं.

भगवंतानं झाकण हातात घेतलं.

"नाही," तो म्हणाला.

गोजरबाई दोन पावलं मागे सरली. घागर उचलून तिनं डोक्यावर घेतली.

"मंग बरं झालं मालक," ती म्हणाली, "म्या तुमाले पाजलं नाही ते."