फूटभर कमी

सुतारानं मोठं घर विकून दोन खोल्यांत जायचं ठरवलं, तेव्हा त्याच्या दुसऱ्या बायकोला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. थोरलीला जाऊन वीस वर्षं झाली, पण तिचं आरशाचं कपाट अजून हिच्या उरावर बसलं होतं. भांग काढताना रोज वाटायचं, सवत मागून बघतेय. नवऱ्याचे गुडघे धरलेले, म्हणून नव्या घराची मापं हिनंच जाऊन घेतली आणि निजायच्या खोलीची भिंत मुद्दाम फूटभर कमी सांगितली. “पलंगाशेजारी ते कपाट काही मावायचं नाही. देऊन टाकू कुणाला तरी.” सुतारानं करवत काढली आणि पलंगावर पेन्सिलीनं रेघ ओढली. “पलंगच फूटभर कापू. म्हातारपणी हवाय कशाला एवढा ऐसपैस?” तिच्या तोंडचं पाणी पळालं. “माप पुन्हा बघून येऊ?” “तुझं माप कधी चुकलंय? धर घट्ट.”