कोरी चौकट

"दुरुस्ती बरोबर आहे. तरी ती आज घेऊ नये, असं मला वाटतं," मार्तानं लिहिलं होतं.

सौम्याचं डोकंच फिरलं. मच्छे गावातल्या फौंड्रीच्या ऑफिसात जेवणाचा डबा तसाच बाजूला सारून ती स्क्रीनकडं बघत राहिली. बरोबर आहे म्हणायचं आणि वर नकोही म्हणायचं, ही कुठली रीत?

प्रोग्रॅम लिहायची ती भाषा कुणा एका कंपनीची नव्हती. जगभरातली माणसं आपापली नोकरी सांभाळून ती हौसेनं दुरुस्त करायची, आणि एकाची दुरुस्ती दुसऱ्यानं तपासल्याशिवाय आत जायची नाही. कंग्राळीतल्या घरी माडीवर बसून सौम्याही बारीकसारीक चुका काढायची. या वेळी मात्र तिला घबाड सापडलं होतं. आकडा हवा तिथं कोरी जागा आली, तर भाषा तिला गुपचूप शून्य समजून पुढं जायची. नियमांत तसं कुठंच नव्हतं. खरं तर थांबून ‘इथं आकडा नाही’ असं सांगायला हवं. सौम्यानं ते करून दाखवलं होतं, आणि तिची दुरुस्ती तपासायला मार्ताकडं गेली होती. नव्या आवृत्तीचं दार आज संध्याकाळी बंद होणार होतं. त्याआधी दुरुस्ती आत गेली, तर जगातल्या कुठल्या कुठल्या यंत्रांत कंग्राळीच्या पोरीनं लिहिलेली ओळ धावणार होती. नाही तर बसा वर्षभर वाट बघत.

"यंदा काम न थांबवता फक्त इशारा देऊ, पुढच्या वर्षी बदलू," मार्तानं खाली लिहिलं होतं. "या चुकीवर कुणाचं तरी काम चालत असेल. पण तुम्ही आग्रहच धरलात, तर मी संध्याकाळी ती घेईन."

मार्ता कुठल्या देशातली, म्हातारी की तरणी, सौम्याला काही ठाऊक नव्हतं. बाई भारी चिकट आहे, एवढं पक्कं ठाऊक होतं. चुकीवर काम चालवणारा असा कोण दिवटा असेल? कुणीच नाही, हे पुराव्यानिशी दाखवायचं तिनं ठरवलं. हाताशी होता तो भट्ट्यांचा प्रोग्रॅम. याच भाषेत लिहिलेला, सौम्या नोकरीला लागायच्या आधीपासून चालत आलेला आणि कधीच न अडलेला. कोणत्या भट्टीत किती लोखंड आहे ते भट्टीवरची माणसं स्क्रीनवर भरत, आणि त्या हिशोबानं प्रोग्रॅम भट्ट्यांना वीज वाटून देई. सौम्यानं त्याची कॉपी आपल्या कॉम्प्युटरवर घेतली. दुरुस्त केलेली भाषा तिला जोडली आणि कालचे आकडे सोडले.

प्रोग्रॅम जागच्या जागी बंद पडला.

तिनं परवाचे आकडे सोडले. तेच झालं. रोज कुठल्या ना कुठल्या भट्टीसमोरची चौकट कोरीच होती. ती तरातरा शेडमध्ये गेली. भट्टीवर शामूअण्णा होता, कंग्राळीत तिच्याच गल्लीत राहणारा.

"अण्णा, भट्टी बंद असली की तुमी शून्य का भरत न्हाई ओ?"

शामूअण्णानं कानाला हात लावला. "अगं, काय बोलतीस! खंडेनवमीला जिला हार घालतोय, तिच्या म्होरं शून्य लिवायचं? बंद भट्टीला आमी निजलीया म्हणतोय. तिची जागा मोकळी सोडायची. पयल्यापास्नं समदी तसंच करत्यात."

सौम्याला एकदम आई आठवली. देव्हाऱ्यातला दिवा विझला, असं तिच्या तोंडून कधी आलं नव्हतं. शांत झाला म्हणायची.

इतकी वर्षं ही माणसं शून्य लिहायला कचरत होती, आणि ती भाषा मुकाट्यानं त्यांचं मन राखत होती. पुढच्या महिन्यात नवी आवृत्ती भट्टीच्या कॉम्प्युटरवर चढवली असती ती सौम्यानंच. भर पाळीत वीज थांबली असती आणि वितळलेलं लोखंड भट्टीतच थिजून बसलं असतं. मच्छे हे नाव जिला धड उच्चारता आलं नसतं, त्या बाईनं मच्छेतली भट्टी सांभाळली होती. हे कसं घडलं, याचं सौम्याला राहून राहून नवल वाटत होतं.

तरी मन लोभीच. तिनं मार्ताला सगळं खरं खरं लिहिलं आणि शेवटी जोडलं, "पण आमचा प्रोग्रॅम मी आजच बदलते. काम थोडंच आहे. मग अडचण उरणार नाही. दुरुस्ती घ्यावी."

उत्तर लगेच आलं. "तुमच्या भट्टीबद्दल वाचून फार आनंद झाला. इतकी वर्षं मी हे काम करते, पण अशी एकही जागा मला दिसली नव्हती. ही तुमच्या शेजारी होती म्हणून सापडली."

सौम्यानं ते वाचलं, परत वाचलं. मग ती खिडकीशी गेली. समोर कारखान्यांच्या शेडांमागं शेडा होत्या. त्यापलीकडं पिरनवाडीची घरं, आणि त्याच्याही पलीकडं तिनं कधी न पाहिलेली गावं, कधी न ऐकलेल्या भाषा. त्यांत कुठं कुठं कोण कशापायी काय कोरं सोडत असेल, हे तिला या जन्मी कळणार नव्हतं. तिला आपण एवढ्याशा झाल्यासारखं वाटलं, आणि त्याचं वाईट मुळीच वाटलं नाही.

जागेवर येऊन तिनं आपली दुरुस्ती मागं घेतली. मग मार्तानं सुचवलेला इशारा लिहायला बसली. इशारे एरवी कसे, दरडावल्यासारखे असतात. तिनं दोनदा खोडलं आणि लिहिलं, "इथली जागा कोरी आहे. आपलं काम थांबवलेलं नाही. सवडीनं बघावं."