पितळी पाटी

लेकीचं पहिलं गाणं ऐकायला ती लाँड्रीतून धावत आली होती, पण या जुन्या सभागृहाच्या दारात व्यवस्थापकाने तिला अडवलं. पितळी पाटीकडे बोट दाखवून म्हणाला, “वाचता येत नाही वाटतं?” खरंच येत नव्हतं. बघणारे हसले, गाणं दाराआड संपलं. पुढे ती हट्टाने अक्षरं शिकली, याच दारावर नोकरीला लागली. आज तोच निवृत्त व्यवस्थापक धापा टाकत आला. “सोडा हो बाई, नात पहिल्यांदाच व्हायोलिन वाजवतेय.” “पाटी वाचा, साहेब.” “चष्मा घरी राहिला.” “मग मीच वाचते.” एरवी घडाघडा वाचणारी ती अक्षराअक्षराखाली बोट ठेवत अडखळू लागली, “गा-य-न... वा-द-न... चा-लू... अ-स-ता-ना... प्र-वे-श... बं-द...” तो दाराला कान लावून तळमळला. तळाशी कोरलेल्या त्याच्या नावापर्यंत ती पोहोचली, तेव्हा आत टाळ्या वाजल्या. तिने कडी काढली. “या, आता नियमात बसतं.”