तिसरा होकार

चर्चची बाप्तिस्म्याची नोंदवही लिडियानं ब्लॉकचेनवर चढवली होती. शिरूर, दौंड, पाटस, यवत असे चार कॉम्प्युटर, चारींत तोच कंटेनर, म्हणजे तोच प्रोग्राम बंद डब्यासारखा भरलेला. त्यांतल्या तीन कॉम्प्युटरांचा होकार आला तरच नोंद पक्की व्हायची. यवतचा कॉम्प्युटर नवरा जॉन्सन सांभाळायचा. तो वारला तेव्हापासून बंदच होता.

त्याच्यामागं जन्मलेल्या लेकीचं नाव लिडियानं टाकलं: रूथ.

"वहिनी, पाटसला लाईट न्हाई," दौंडहून दीर फोनवर म्हणाला. "दोनच होकार येत्याल."

दोनच आले.

लिडियानं रूथ खोडलं. जॉन्सन ज्या नावासाठी हटून बसायचा, ते लिहिलं: सलोमी.

"वहिनी, तिसरा आला की! यवतचा कुणी चालू केला?"

लिडियानं खाली पाहिलं. यवतहून शिरूरला घरी आणलेला तो कॉम्प्युटर पाळण्याखालीच होता, वायर गुंडाळलेला, जॉन्सनच्या शर्टात बांधलेला.