कुंपणातलं भोक

कुंपणाला भोक नव्हतं.

लेक आईच्या भाजीच्या वाफ्याभोवतालच्या जाळीला दोन फेऱ्या मारून आली. तिसऱ्यांदा गुडघ्यांवर बसून, तळाशी पुरलेली वीट न् वीट चाचपत निघाली. छापखान्यात मुद्रितं तपासण्यात तिची वीस वर्षं गेली होती. सुटलेला अनुस्वारसुद्धा तिच्या नजरेतून निसटत नसे. इथं मात्र हाती काही लागेना. मागच्या वर्षी सुट्टी काढून, तळहाताला फोड येईपर्यंत राबून तिनंच ही जाळी ठोकली होती. ती अजून तशीच ताठ होती.

आणि तरीही, त्यानंतर दर रविवारी सकाळी आईचा फोन यायचा.

"बोल, काय काम?" लेक विचारायची. समोर मुद्रितांचा गठ्ठा असायचा.

"आज पुन्हा घुसल्या गं कोंबड्या. पालकाचा फडशा पाडला." कधी पालक, कधी टोमॅटो, कधी कोवळ्या काकड्या.

"पण घुसतात कुठून?"

"ते तूच येऊन बघ."

लेक फोनवरच उपाय सांगायची. खाली विटा पूर. कोपऱ्यांना तार गुंडाळ. आई सगळं मुकाट्यानं करायची आणि पुढच्या रविवारी पुन्हा फोन करायची. एकदा लेक वैतागून म्हणाली, "देऊन टाक त्या अवदसांना!" त्यावर आईनं घाईघाईनं विचारलं होतं, "कोपऱ्यांना तार किती जाड घेऊ गं?"

आईवर अविश्वास दाखवायची सोय नव्हती. लेक लहान असताना, नको असलेल्या माणसाचा फोन आला की आई आधी मागच्या दारानं परसात जाऊन उभी राहायची आणि तिथून लेकीला खुणेनं सांगायची, "सांग, आई घरात नाही." तिची जीभ खोट्याला वळायचीच नाही.

आई जाऊन तीन आठवडे झाले होते. आज घराला कुलूप लागणार होतं. कोंबड्या शेजारच्या शिवणवाल्या काकू नेणार होत्या. त्याआधी लेकीला ते भोक सापडायला हवं होतं. आईनं वर्षभरात तिला एवढं एकच काम सांगितलं होतं.

चारही कोंबड्या मघापासून फाटकापाशी खोळंबल्या होत्या. सर्वांत पुढं, आईनं जिचं नाव हेडबाई ठेवलं होतं ती. मान वाकडी करून कडीकडे टक लावून बघत होती. दाण्यांची वाट बघत असेल, असं लेकीला वाटलं.

काकू टोपली घेऊन आल्या. गळ्यात मोजपट्टी तशीच लोंबत होती.

"काय हरवलं गं?"

"भोक शोधतेय, काकू. या आत घुसतात कुठून, ते."

"अगं, भोक कसलं? फाटकातून जायच्या. तुझी आईच कडी काढायची की."

"चुकून उघडी राहायची का?"

"चुकून? दर रविवारी, दहाच्या ठोक्याला! म्हणायची, 'उगाच फोन केला की लेक विचारते, काय काम. मग काहीतरी काम नको का?' मी म्हटलं, 'बाई गं, त्यासाठी हातानं लावलेला पालक कशाला घालवतेस? घुसल्या म्हणून नुसतं सांग.' तर म्हणते कशी, 'खोटं कसं बोलू? आधी आत सोडते, मग सांगते.'"

लेक उठली. गुडघ्यांची माती झटकायचं तिला सुचलं नाही. वाफ्यात पालक पुन्हा वीतभर वर आला होता.

काकूंनी टोपलीचं झाकण काढलं. "चल, धरू का एकेक?"

"थांबा, काकू," लेक म्हणाली आणि तिनं फाटकाची कडी काढली. "आज रविवार आहे."