जुना गाभा

संमेलनाच्या दारातच रेमंड डाबरे दिसला आणि यमुताईंचं डोकं फिरलं. दोघांच्याही छातीत कृत्रिम हृदय होतं. ते चालवणारी संगणकप्रणाली सगळ्यांसाठी खुली, कुणीही सुधारावी अशी. पण तिचा गाभाच, म्हणजे मूळ आज्ञावलीच, या माणसाने बदलायला घेतला, म्हणून त्या कित्येक वर्षं फोरमवर त्याच्याशी कडाकडा भांडत होत्या.

“तुमचं नवं खूळ मी मेले तरी घेणार नाही!” त्यांनी बजावलं.

“हटवादी आहात,” असं म्हणत तो येणाऱ्या प्रत्येकाचं हृदय तपासणाऱ्या दारातल्या यंत्रापुढे उभा राहिला. पडद्यावर उमटलं : जुना गाभा.

“अहो, तुम्हीसुद्धा?”

“जुन्यावर तुम्ही एकट्याच उरलात, ताई. त्याची प्रत्येक दुरुस्ती आधी माझ्या छातीत चालवून बघतो, मगच तुम्हाला पाठवतो.”

यमुताईंचा हात नकळत छातीवर गेला. ठोके अगदी नीट पडत होते.